तू गप्प आहेस म्हणून सिंगल्स सोडू नकोस

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी १८ वर्षांची, गाव सांगली जिल्ह्यात, सध्या पुण्यात एका अकादमीत राहून बॅडमिंटन खेळते. सिंगल्स. ज्युनियर नॅशनलला क्वार्टरफायनलपर्यंत गेलेय. मागच्या महिन्यात अकादमीत एक मेंटल ट्रेनर आले होते, त्यांनी मोबाईलवर सोळा टाईपवाली पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि सगळ्यांचे रिझल्ट हॉलमध्ये मोठ्याने वाचले. माझा आला इंट्रोव्हर्ट. तेव्हापासून आमचे कोच सर म्हणतात तुझ्यात किलर इन्स्टिंक्ट नाही, तू डबल्सला जा. मी पॉइंट मिळाला तरी ओरडत नाही. इंटर्व्हलला सर बोलतात, नंतर माझं डोकं भरून जातं. मॅचनंतर दार लावून बसते तर मुलींना वाटतं भाव खाते. एक स्पॉन्सर मिळतोय पण त्यांना दर आठवड्याला रील पाहिजे, कॅमेरा समोर आला की माझी वाचाच बसते. आई म्हणते मोठं व्हायचं तर स्वभाव बदल. खरंच बदलावा लागेल का?"

नाही बदलावा लागणार. पण काही गोष्टी शिकाव्या लागतील, आणि स्वभाव बदलणं नि एखादी गोष्ट शिकणं ह्यात फार फरक आहे, तुझ्या सरांची आणि आईची गल्लत तिथेच होतेय असं मला वाटतं.

आधी त्या टेस्टचं बघू, कारण सगळी गडबड तिथून सुरू झाली. ही सोळा टाईपवाली भानगड अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स ह्या मायलेकींनी उभी केली, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली जे मांडलं होतं त्यावरून, आणि दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. मोबाईलवर फुकट मिळतात त्या तर त्याच्याही नकला. अडचण अशी की तीच टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच लोकांचा टाईप बदलतो, कारण माणसं अशी दोन डब्यांत बसतच नाहीत. हे उंचीसारखं आहे बघ, थोडे लोक खूप उंच, थोडे बुटके, आणि बाकी सगळी जनता मध्ये कुठेतरी, आता कुणी पाच फूट चारवर रेघ मारून वरच्यांना उंच आणि खालच्यांना बुटके असे शिक्के मारले तर रेघेच्या आसपासच्या शेकडो लोकांचं काय? मूळ टेस्टवालेच सांगतात की नोकरीला माणसं निवडायला ही वापरू नका, आणि इथे तिच्यावरून एका मुलीचं सिंगल्स की डबल्स हे ठरतंय. त्यात रिझल्ट हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवले हे तर मला अजिबात पटलेलं नाही. ते तुझं खाजगी होतं, ते तुला एकटीला सांगायला पाहिजे होतं, आणि त्या गोष्टीचा तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे.

मग स्वभावाचा खेळाशी संबंधच नाही का? तर आहे. अभ्यास करणारे लोक हल्ली टाईप नाही मोजत, पाच गुण मोजतात, बहिर्मुखपणा, शिस्त, भावनिक स्थिरता, नव्याची ओढ आणि जुळवून घेणं, प्रत्येकात पाचही असतात फक्त कमीजास्त. त्यात सरासरी बघितली तर वरच्या लेव्हलच्या खेळाडूंमध्ये शिस्त आणि स्थिरता जरा जास्त सापडते, बहिर्मुखपणाही थोडा जास्त दिसतो, पण टीम गेम खेळणारे हे एकेकटे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त बोलके असतात, आणि तुझा खेळ एकटीचा आहे. शिवाय सरासरी ही सरासरी असते गं, तिच्यावरून तू उद्या कशी खेळशील हे कोणीच सांगू शकत नाही.

आता तू जे लिहिलंयस त्यात मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि तू दोन्हीला इंट्रोव्हर्ट म्हणतेयस. मॅचनंतर माणसं नको वाटणं, दार लावून बसावंसं वाटणं, हा अंतर्मुखपणा, ह्यात बरं करण्यासारखं काही नाही, तुझी बॅटरी एकटं बसून चार्ज होते एवढंच. कॅमेरा आला की वाचा बसणं हा लाजाळूपणा, म्हणजे लोक काय म्हणतील ही भीती, आणि ही सवयीने कमी होते, एकदम जात नाही पण कमी होते. तिसरी गोष्ट तू लिहिली नाहीस पण मी विचारतेच, मॅचच्या दिवशी पोटात गोळा येऊन नाश्ता जात नाही, आठवडे आठवडे झोप उडालीय, कोर्टवर जायचं म्हटलं की रडू येतं, असं काही आहे का? असेल तर तो स्वभाव नाही, ती चिंता आहे, आणि त्यासाठी खऱ्या सायकॉलॉजिस्टकडे जायचं, अकादमीत एक दिवस येऊन टेस्ट घेणाऱ्याकडे नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता सेव्ह करून ठेवलास तरी चालेल.

आता किलर इन्स्टिंक्ट. हा शब्द आपल्याकडे कोच लोक इतका सैल वापरतात की त्याचा अर्थ फक्त 'ओरडते का' एवढाच उरलाय. तुला पी. व्ही. सिंधूचा किस्सा माहीत असेलच, नसेल तर ऐक. रिओ ऑलिंपिकच्या आधी तिचे कोच गोपीचंद सर, त्यांना वाटायचं की सिंधू कोर्टवर फार मवाळ आहे, आतली आग बाहेर येत नाही. तर त्यांनी तिला अकादमीत कोर्टच्या मधोमध उभं केलं, सगळी पोरं आणि कोच बघतायत, आणि सांगितलं ओरड, जोरात, आणि ओरडल्याशिवाय रॅकेटला हात लावायचा नाही. तिला जमेना. रडू आलं तिला. पण शेवटी ओरडली. आणि २०१६ च्या रिओमध्ये जी सिंधू आपण टीव्हीवर बघितली ती प्रत्येक मोठ्या पॉइंटनंतर मूठ आवळून ओरडत होती, फायनलमध्ये समोर स्पेनची कॅरोलिना मारिन, जी सर्व्हिसच्या आधीही ओरडायची आणि नंतरही, तिच्याकडून पहिला गेम सिंधूने २१-१९ असा खेचून घेतला. पुढचे दोन गेले, सिल्व्हर मिळालं.

तुझे सर हा किस्सा सांगून म्हणतील बघ, सिंधूनेसुद्धा स्वभाव बदलला. पण मला हा किस्सा उलटा दिसतो. त्याच फायनलचा शेवट यूट्यूबवर बघ. मारिन जिंकल्यावर कोर्टवर पडून रडतेय, तिची रॅकेट तिथेच पडलीय, आणि सिंधू, जी आत्ताच ऑलिंपिक गोल्ड हरलीय, ती जाळीपलीकडे जाऊन तिला मिठी मारते आणि पडलेली रॅकेट उचलून तिच्या सामानापाशी नेऊन ठेवते. ही तीच मवाळ मुलगी आहे! स्वभाव कुठे गेला होता? ओरडणं हा तिने शिकलेला एक स्ट्रोक होता, बॅकहँड क्लिअर शिकतात तसा, गरज होती तिथे वापरला आणि मॅच संपल्यावर ठेवून दिला. पुढे २०१९ ला बासेलमध्ये जपानच्या ओकुहाराला २१-७, २१-७ हरवून ती वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्या दिवशी किलर इन्स्टिंक्ट नव्हतं असं कोण म्हणेल. अजून एक गोष्ट, गोपीचंद सर तिला लहानपणापासून ओळखत होते, तिच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली होती, म्हणून त्यांना ते करायचा हक्क होता, एका टेस्टच्या जोरावर कुणाही मुलीला हॉलमध्ये रडवणं म्हणजे कोचिंग नाही.

आणि ओरडलंच पाहिजे असंही नाही. तैवानची ताई त्झू यिंग बघ, दोनशेपेक्षा जास्त आठवडे जगात एक नंबर होती, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, आणि तिच्या मनगटातून शटल कुठे जाणार हे समोरचीला शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. तिच्या शांतपणाचा तिला फायदाच होता, समोरचीला वाचायला काही मिळायचंच नाही. आपले प्रकाश पदुकोणही १९८० ला ऑल इंग्लंड जिंकले ते इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगच्या जंप स्मॅशना थंड डोक्याने, वेग काढून घेऊन खेळत.

युरी हानिन नावाचे एक रशियन क्रीडा मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं मला फार उपयोगाचं वाटतं. ते म्हणायचे सगळ्या खेळाडूंना लागू पडेल अशी एकच योग्य मनःस्थिती नसते, कुणी अंगात वीज सळसळत असताना भारी खेळतं तर कुणी जवळजवळ झोपाळू शांत असताना, प्रत्येकाचा आपापला पट्टा असतो आणि तो शोधावा लागतो. कसा शोधायचा? तुझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्यात चांगल्या तीनचार मॅचेस आठव आणि सगळ्यात वाईट तीनचार, आणि प्रत्येकीच्या आधीच्या एका तासात तू काय करत होतीस ते वहीत लिही, कुणाशी बोलत होतीस, कानात गाणी होती का, छाती किती धडधडत होती, जेवली होतीस का. मला वाटतं तुला त्यात काहीतरी साफ दिसेल. ती वही सोळा टाईपवाल्या टेस्टपेक्षा लाखपटीने खरी.

आता डबल्स. इथे मला सरांचं लॉजिकच कळलेलं नाही. गप्प मुलीला डबल्सला पाठवायचं? डबल्समध्ये तर दर पॉइंटला बोलावं लागतं! कोण पुढे, कोण मागे, मधलं शटल कुणाचं, सर्व्हिस कुठे टाकणार हे पाठीमागे बोटं दाखवून पार्टनरला सांगायचं, पार्टनरचे सलग तीन शॉट नेटमध्ये गेले तर तिला सांभाळायचं, हे सगळं चोवीस तास चालू. सिंगल्समध्ये कोर्टच्या तुझ्या अर्ध्या भागात तू एकटी राणी असतेस, गेम चालू असताना फारतर ११ पॉइंटला साठ सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं कोचला निवांत बोलायला मिळतात. एकटं राहून नीट विचार करणाऱ्या मुलीला हा फॉरमॅट उलट जास्त जमायला पाहिजे. डबल्सला जायची खरी कारणं असू शकतात, तुझे फ्लॅट ड्राईव्ह चांगले आहेत, नेटवर हात फास्ट आहे, शॉर्ट सर्व्हिस पक्की आहे, किंवा मागच्या कोपऱ्यातून परत सेंटरला यायला तू हळू पडतेस, तिसऱ्या गेमला पाय जड होतात. सरांनी ह्यातलं काही सांगितलं तर ऐक, अगदी मन लावून ऐक, कारण ते खेळाबद्दल असेल. सरांना एकटं गाठून, प्रॅक्टिस संपल्यावर, असं म्हण: "सर, मला डबल्सला टाकायचं असेल तर माझा खेळ बघून ठरवा, टेस्टवरून नको. मला सहा महिने सिंगल्समध्ये द्या आणि काय सुधारायचं ते सांगा." हे वाक्य पाठ करून जा, काही हरकत नाही. बोलायला जमत नसेल तर लिहून दे, चिठ्ठी दिली म्हणून कुणी लहान होत नाही.

त्या साठ सेकंदांचंही सरांशी बोलून घे. ११ ला तू खुर्चीपाशी येतेस आणि सर एका दमात आठ सूचना देतात असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय, तू लिहिलंयस की इंटर्व्हलनंतर डोकं भरून जातं. तुझ्यासारख्या मुलीचं तसंच होणार, बाहेरून आलेला आवाज आत मुरायला तिला वेळ लागतो. सरांना सांग, इंटर्व्हलला एकच गोष्ट सांगा, "बॅकहँडला लिफ्ट दे" एवढीच, बाकी मॅचनंतर. आणि रॅली संपल्यावर ओरडण्याऐवजी तुझी स्वतःची काहीतरी खूण ठरव, रॅकेटच्या तारा नीट कर, एक लांब श्वास सोड, बेसलाइनकडे तोंड कर आणि मग वळ. दर पॉइंटला तेच. बघणाऱ्याला त्यात काही दिसणार नाही पण तुझ्या डोक्याला कळेल की मागचा पॉइंट संपला.

आता पब्लिक लाईफ. इथे मी तुला गोड गोड बोलणार नाही, गप्प राहण्याची किंमत खरंच मोजावी लागते, आणि त्यासाठी आपल्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे बघ. डिसेंबर २०२० ला ॲडलेडमध्ये इंडिया ३६ ला ऑलआउट, कोहली सुट्टीवर घरी, आणि टीम रहाणेच्या हातात. मेलबर्नला त्याने ११२ केले आणि रनआउट झाला, कारण जडेजा ४९ वर होता आणि पन्नाशीची एक रन चोरायला गेले, तर स्वतःची विकेट गेलेली असताना हा माणूस जडेजाला थोपटून 'काळजी करू नको' असं करून गेला. मॅच जिंकली, सिडनी वाचवली, १९ जानेवारी २०२१ ला गॅबावर जिंकून सिरीज २-१. ऑस्ट्रेलिया तिथे १९८८ पासून हरली नव्हती! ट्रॉफी मिळाल्यावर ती नवख्या नटराजनच्या हातात दिली, आणि मुंबईत घरी आल्यावर सोसायटीतल्या लोकांनी कांगारूचा केक आणला तर कापायला नाही म्हणाला, समोरच्या टीमचा मान राखायचा म्हणून. पुरा शांत माणूस, आणि त्या शांतपणातूनच ती टीम सावरली असं माझं ठाम मत आहे, ३६ ऑलआउटनंतर ड्रेसिंग रूमला आरडाओरडा नको होता.

पण पुढे काय झालं? वर्षभरात टीममधली जागा डळमळीत झाली, नंतर गेली. तो स्वतः २०२२ मध्ये एका मुलाखतीत म्हणाला की ऑस्ट्रेलियात निर्णय मी घेतले आणि श्रेय दुसऱ्यांनी घेतलं, जाऊन श्रेय मागणं माझा स्वभाव नाही. आणि पुढे, २०२५ मध्ये, असंही म्हणाला की मी आधीपासून लाजाळू, माझ्याकडे पीआर टीम नाही, पण आता कळतं की बातम्यांत राहणं गरजेचं आहे. जागा फक्त त्यामुळे गेली असं नाही, धावाही कमी झाल्या होत्या, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. तरी आपण केलेलं काम आपण सांगितलं नाही तर कुणीतरी दुसरं सांगतं, आणि आपल्या नावाने सांगेलच असं नाही. म्हणून तू बोलायला शीक असं मी म्हणते, बोलकी हो असं नाही म्हणत.

जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका, तिचंही बघून ठेव. स्वतःला इंट्रोव्हर्ट म्हणवणारी मुलगी, टूर्नामेंटला कानात हेडफोन घालून फिरायची कारण गर्दीत जीव घाबरा व्हायचा, चार ग्रँड स्लॅम जिंकली. २०२१ च्या फ्रेंच ओपनला म्हणाली प्रेस कॉन्फरन्स करणार नाही, १५ हजार डॉलर दंड झाला, मग तिने स्पर्धाच सोडली आणि सांगितलं की २०१८ पासून डिप्रेशनशी झगडतेय. तिची चूक होती असं मी म्हणणार नाही, पण सगळं अंगावर येईपर्यंत थांबून मग एकदम नाही म्हणण्यापेक्षा आधीच आपल्याला झेपेल असा रस्ता ठरवलेला बरा. तू अजून १८ ची आहेस, आत्ता ठरवायला भरपूर वेळ आहे.

पत्रकारासमोर 'कसं वाटतंय' ह्या प्रश्नाला लाजाळू माणूस गडबडतो, कारण भावना सांगायच्या असतात. तू भावना सांगूच नको, एक रॅली सांग. "दुसऱ्या गेमला १८-१८ असताना ती सारखी माझ्या फोरहँडला ड्रॉप टाकत होती, मग मी एक पाऊल पुढे उभी राहिले." बस, झालं उत्तर, आणि ऐकणाऱ्याला ते "खूप छान वाटतंय, आईबाबांचे आणि सरांचे आभार" ह्यापेक्षा शंभरपट आवडतं. मराठीत बोल, कुणी हिंदी-इंग्लिशची जबरदस्ती केली तरी पहिलं उत्तर मराठीत दे म्हणजे आवाज सुटतो. घरी फोन टेकवून रोज एक मिनिट त्या दिवशीच्या प्रॅक्टिसमधला एक शॉट समजावून सांग, कुणाला पाठवायचा नाही, दुसऱ्या दिवशी डिलीट.

रूममधल्या मुलींना मात्र सांगायलाच हवं, कारण त्यांना बिचाऱ्यांना मनातलं कसं कळणार. मॅचच्या आधीच सांगून ठेव, "मी मॅचनंतर अर्धा तास एकटी बसते, जिंकले तरी आणि हरले तरी, रागावलेली नसते, मग जेवायला येते." आणि अर्ध्या तासाने खरंच जेवायला जा. त्यांच्या मॅचला स्टँडमध्ये जाऊन बस, टाळ्या वाजव, तिथे बोलावं लागत नाही.

आईवर रागावू नकोस. तिने बघितलंय की बोलकी पोरं पुढे जातात, तिची काळजी खरी आहे. तिला सिंधूच्या त्या फायनलचा शेवट दाखव, बाजूला बसून.

राहिला स्पॉन्सर. घे, पैसे लागतातच, शटलचे भाव काय झालेत ते तुला माहीत आहे, ट्रॅव्हल वेगळं. फक्त दर आठवड्याला रील ह्याच्याऐवजी महिन्याला दोन मागून बघ, आणि त्यात तू कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं नाही, फुटवर्क किंवा नेटवरचं ड्रिबल दाखवायचं आणि आवाज नंतर रेकॉर्ड करून टाकायचा, पाहिजे तर दहा वेळा रेकॉर्ड कर. टूर्नामेंटच्या आठवड्यात एकही पोस्ट नाही, हे लिहून घे, तोंडी नको. कमेंट्स तुझ्या फोनवर नको, अकाउंट दादाला किंवा मैत्रिणीला सांभाळू दे. आणि करारावर सही करायच्या आधी तो कुणातरी वकिलाला दाखव, किती वर्षांचा आहे, मधेच दुखापत झाली तर पैसे परत मागणार का, आणि दुसऱ्या कंपनीची रॅकेट वापरायला बंदी आहे का, ह्या तीन गोष्टी खास करून बघायला सांग.

— ताई